पीलनं पिंपल्सचे खड्डे जातात का? आधी डाग कुठले आणि वण कुठले, ते बघा

एका मुलीनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 25, राहणं नागपुरात, नोकरी मिहान या उद्योग-क्षेत्रात, रोज येऊन-जाऊन दीड तास दुचाकीवर. बारावीपासून पिंपल्स होते, आता बरेच कमी झालेत, पण पाळीच्या आधी हनुवटीवर दोन-चार येतातच. दोन्ही गालांवर काळपट डाग आणि मधूनमधून खड्डे. लग्न मे महिन्यात. नोव्हेंबर सुरू आहे, म्हणजे हाताशी सहा महिने. पार्लरवाल्या ताईंनी सहा पीलचं (आम्ल लावून कातडीचा वरचा थर सोलण्याचं) पॅकेज सांगितलंय, 'खड्डे भरून येतील' या बोलीवर. आई म्हणते, असलं काही चेहऱ्याला लावू नको, संत्र्याच्या सालीची पूड दुधात कालवून लाव. आणि शेवटचं वाक्य: 'डॉक्टर, सौम्य पीलनं हे खरंच जातं का, की माझे पैसे पाण्यात जाणार?'

मी 22 वर्षं नागपुरात त्वचारोगाची प्रॅक्टिस करते. लग्नसराईच्या आधी हा प्रश्न आठवड्यातून चार वेळा तरी समोर येतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. चेहरा प्रत्यक्ष न बघता नक्की उपचार सांगता येत नाही. पण विचार कसा करायचा ते सांगता येतं, आणि तेवढं कळलं तरी तुमचे पैसे आणि चेहरा दोन्ही वाचतील.

तुम्ही विचारलंत पीलबद्दल. खरा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. गालावर जे दिसतंय त्यातलं डाग किती आणि वण किती? मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत, पण बोलताना आपण त्यांची सरमिसळ करतो. डाग म्हणजे नुसता रंग. वण म्हणजे कातडीची ठेवणच बदललेली. डागावरून बोट फिरवलं तर बोटाला काही कळत नाही, वणावरून फिरवलं तर कळतं.

हा फरक का महत्त्वाचा, त्यासाठी कातडीची थोडी रचना समजून घ्या. चेहऱ्यावर बाह्यत्वचा जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीची असते, वहीच्या कागदाएवढी. ती सतत खालून नवी तयार होते आणि वरून झडते, साधारण चार आठवड्यांत एक फेरा पूर्ण होतो. तिच्याखाली अंतस्त्वचा, एक-दोन मिलिमीटर जाड, कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांनी विणलेली. पिंपल वरच्या वर बरा झाला तर मागे फक्त रंग राहतो, कारण आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीतल्या रंगपेशी जरा कुठे दाह झाला की जास्त रंग तयार करतात. पण तोच पिंपल खोलवर गेला, आत पू झाला, आणि तो आपण आरशासमोर नखांनी फोडला, तर अंतस्त्वचेतलं कोलॅजन नष्ट होतं. जखम भरते, पण जेवढं गेलं तेवढं परत येत नाही. जी पोकळी राहते तो खड्डा.

आता सौम्य पील काम करतं ते त्या कागदाएवढ्या वरच्या थरात. खड्ड्याचा तळ आहे त्याच्या खाली. यातच तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आलं.

घरी एक गोष्ट करून बघा. माझ्याकडे नवीन पेशंट आली की मी ट्यूबलाइट बंद करते आणि मोबाइलचा टॉर्च तिच्या कानाजवळ धरून उजेड गालावरून आडवा पाडते. समोरून उजेड पडला की खड्डे लपतात, सगळे सेल्फी त्याच भरवशावर असतात. आडव्या उजेडात प्रत्येक खड्ड्याची सावली पडते. मग दोन बोटांनी गाल हलकाच ताणते. जे ताणल्यावर नाहीसे होतात ते उथळ, लाटेसारखे खड्डे. त्यांच्या तळाला आतून तंतूंनी ओढून धरलेलं असतं. जे ताणूनही तसेच राहतात, तोंड बारीक आणि आत खोल, सुईनं टोचल्यासारखे, ते सगळ्यांत चिवट. आणि काही असतात कांजिण्यांच्या वणासारखे, कडा उभ्या, तळ सपाट. बहुतेकींच्या गालावर तिन्ही प्रकार एकत्र सापडतात. जे सावली पाडत नाही आणि ताणून बदलत नाही, फक्त काळं-तपकिरी दिसतं, तो डाग. आईला टॉर्च धरायला सांगा आणि स्वतः आरशात बघा. बऱ्याच मुली या तपासणीनंतर मला म्हणतात, 'अरे, खड्डे तर पाच-सहाच आहेत, बाकी नुसते डाग आहेत.' तुमचंही तसं निघालं तर पील तुमच्या खूप कामाचं आहे.

पील म्हणजे ठरावीक ताकदीचं आम्ल ठरावीक वेळ चेहऱ्यावर ठेवून वरच्या मृत पेशींचा थर सैल करायचा आणि कातडीला नवा थर लवकर आणायला लावायचा. कल्पना नवी नाही. जर्मनीतले त्वचारोगतज्ज्ञ पॉल उन्ना यांनी सॅलिसिलिक आणि ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लांचे परिणाम 1882 मध्येच लिहून ठेवले होते. आपल्या रोजच्या वापरात तीन-चार सौम्य पील आहेत. ग्लायकोलिक आम्ल, जे मुळात उसात सापडतं. त्याचा रेणू लहान, त्यामुळे ते झपाट्यानं आत शिरतं. मँडेलिक, कडू बदामापासून पहिल्यांदा मिळालेलं. रेणू मोठा, सावकाश शिरतं, म्हणून नाजूक आणि सावळ्या कातडीला मानवतं. लॅक्टिक, दुधातलं. आणि सॅलिसिलिक, जे तेलात विरघळतं. त्यामुळे तेलकट रंध्रांत उतरून साचलेलं मोकळं करतं. अजून पिंपल्स येतायत अशा चेहऱ्यासाठी माझी पहिली पसंती सॅलिसिलिक किंवा मँडेलिकला असते. तुमच्या वर्णनावरून तुमच्यासाठीही तेच वाटतं, पण ते चेहरा बघणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं.

प्रत्यक्षात काय होतं, तेही सांगते, कारण भीती बहुतेक त्याचीच असते. केस बांधून टोपी घालायची. चेहरा धुऊन गॉजनं तेलकटपणा पुसून काढायचा. हे पुसणं सगळीकडे सारखं झालं नाही तर पील एका ठिकाणी जास्त शिरतं आणि दुसरीकडे कमी. नाकपुडीच्या खाचेत, ओठांच्या कोपऱ्यांत, डोळ्यांच्या कडेला व्हॅसलीन लावायचं, कारण तिथे द्रव साचतो. डोळ्यांवर ओला कापूस. मग ब्रशनं किंवा गॉजनं आधी कपाळ, मग गाल, शेवटी नाक-हनुवटी. घड्याळ सुरू. ग्लायकोलिक असेल तर मी पेशंटच्या डोक्याशी उभी राहून कातडीकडे बघत असते. सगळीकडे हलकी गुलाबी छटा आली की सोडा बायकार्बोनेटच्या पाण्यानं लगेच निष्प्रभ करते, मग मिनिट झालेलं असो की तीन. एखाद्या जागी पांढरट दिसायला लागलं तर घड्याळात काहीही वाजलेलं असू दे, तिथे तत्क्षणी थांबवायचं. सॅलिसिलिकची तऱ्हा वेगळी. त्यातलं अल्कोहोल उडून जातं आणि आम्लाचे स्फटिक पांढऱ्या भुकटीसारखे चेहऱ्यावर दिसायला लागतात. ते दिसले की पील बसलं, आता आणखी आत जाणार नाही. मुली म्हणतात मुंग्या चावल्यासारखं होतंय. हातपंख्यानं वारा घातला की दोन-तीन मिनिटांत ते शमतं. थंड पाण्यानं धुतलं, सनस्क्रीन लावलं, की घरी.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तोंडाभोवती कोंड्यासारखं सुटायला लागतं, आठवड्यात संपतं. कधीकधी काहीच सुटत नाही; म्हणजे पील वाया गेलं असं नाही. दोन पीलमध्ये दोन ते चार आठवडे जाऊ द्यायचे. ताकद पायरीपायरीनं वाढवायची. पहिल्याच बैठकीत जोरदार पील मागणारी पेशंट असते, तिला मी नाही म्हणते.

आता फायदा किती? डागांवर चांगला. चार-सहा बैठकींत बहुतेकींना स्वतःला फरक दिसतो, जुने फोटो शेजारी ठेवावे लागत नाहीत. तपकिरी डाग लवकर जातात. ज्यांत निळसर-राखाडी झाक असते, त्यांचा रंग खोल उतरलेला असतो, ते हटायला बरेच महिने घेतात. कातडीचा खडबडीतपणा आणि तेलकटपणा कमी होतो. अगदी उथळ खड्ड्यांच्या कडा थोड्या मवाळ होतात. आणि एक गोष्ट मी वर्षानुवर्षं बघत आलेय: खड्ड्याच्या तळाशी साचलेला काळेपणा गेला की तोच खड्डा उथळ वाटायला लागतो. खोली मोजली तर तेवढीच असते, पण समोरच्याला काळी सावली दिसत नाही. लग्नाच्या फोटोंपुरतं हे फार मोठं आहे. मात्र याला 'खड्डे भरले' म्हणून विकणं खोटं आहे, आणि तुमच्या पॅकेजवर माझा आक्षेप तिथेच आहे. मायक्रोडर्माब्रेजन, म्हणजे बारीक स्फटिकांनी किंवा हिऱ्याच्या टोकानं घासण्याची जी मशीन असते, तिलाही हेच लागू. इटलीत 1985 च्या सुमारास ती आली. वरचा थर छान उजळवते, खड्ड्याच्या तळापर्यंत पोचत नाही.

मग खड्ड्यांचं काय? प्रकार बघून उपाय. सुईसारख्या खोल खड्ड्यांसाठी ट्रायक्लोरोॲसिटिक आम्लाचा तीव्र द्रव, 65 ते 100 टक्क्यांचा, अणकुचीदार काडीनं फक्त खड्ड्याच्या आत टेकवतात. काही सेकंदांत तो ठिपका हिमासारखा पांढरा होतो. खपली आठवड्याभरात पडते आणि पुढच्या महिन्यात आतून कोलॅजन भरायला लागतं. कोरियातल्या डॉक्टरांनी ही पद्धत 2002 मध्ये मांडली. दर चार-सहा आठवड्यांनी तीन-चार वेळा करावी लागते. आम्ल बाजूच्या चांगल्या कातडीवर पसरलं तर खड्डा आणखी रुंद होतो, म्हणून हात बसलेलाच माणूस हवा. हेच आम्ल बाटलीत भरून ऑनलाइन विकतात आणि व्हिडिओ बघून मुली घरी लावतात. त्यानं भाजलेले चेहरे मी बघितलेत. कृपा करून तिकडे वळू नका.

लाटेसारख्या खड्ड्यांत तळाला ओढून धरणारे तंतू सुईनं आतून सोडवतात, त्याला सबसिजन म्हणतात. भूल देऊन करतात, गाल आठ-दहा दिवस काळा-निळा राहतो. उभ्या कडांच्या खड्ड्यांना मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं) किंवा फ्रॅक्शनल लेझर (बारीक ठिपक्यांत दिलेला लेझर). लेझरबद्दल मी आपल्याकडच्या कातडीत हात राखूनच असते. खड्डा थोडा भरतो आणि वर काळा डाग बसतो, असं होऊ शकतं, विशेषतः मशीनची ताकद वाढवून ठेवली तर. यांतल्या कशानंही खड्डा शंभर टक्के जात नाही. निम्म्यानं कमी झाला तर मी आणि पेशंट दोघी समाधानी असतो, आणि तेवढ्यालाही वर्ष लागतं, कारण कोलॅजन आपल्या गतीनंच तयार होतं. म्हणजे मेमधल्या लग्नाआधी खड्ड्यांचं काम सुरू होऊ शकतं, संपणार नाही. हे आजच मनाशी ठरवून टाका. नाहीतर मार्चमध्ये घाई होते आणि सगळी दुखणी त्या घाईतून येतात.

मार्चचं नाव काढलं म्हणून माझीच एक चूक सांगते. प्रॅक्टिसचं तिसरं वर्ष होतं. मार्चच्या शेवटी एका कॉलेजच्या मुलीचं ग्लायकोलिक पील केलं. कातडी छान होती, पील अगदी व्यवस्थित झालं. सनस्क्रीन लावायला सांगितलं, कागदावर लिहूनही दिलं. पण येत्या पंधरा दिवसांत कुठे जायचंय का, हे मी विचारलं नाही. पाचव्या दिवशी ती वर्ध्याला मामेबहिणीच्या लग्नाला गेली. भर दुपारचा मुहूर्त, उघडा मांडव. दोन आठवड्यांनी आली तेव्हा दोन्ही गालफडांवर तळहाताएवढे तपकिरी पट्टे. सोबत आई होती. ती मला शांतपणे म्हणाली, 'काहून हो डॉक्टरबाई, डाग घालवाले आलो होतो नं आमी?' ते पट्टे जायला सात महिने लागले. तेव्हापासून पीलच्या आधी पेशंटचं कॅलेंडर मी विचारते: लग्न, सहल, शेतावरचं काम, परीक्षा, सगळं.

आपलं नागपूर यात मोठा घटक आहे. पुण्या-मुंबईच्या वेळापत्रकावर इथे पील करून चालत नाही. मेमध्ये पारा 45 च्या पुढे जातो हे सगळ्यांना माहीत आहे, पण कातडीला मुख्यतः काळं करतात ती अतिनील किरणं, उष्णता वेगळी. आपण 21 अंश अक्षांशावर, मेच्या अखेरीस दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्या दिवसांत नुकती सोललेली कातडी घेऊन दुचाकीवरून मिहानला जाणं म्हणजे डाग मागून घेणं. म्हणून मी पीलच्या मालिका नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात बसवते. मार्चपासून हात आखडता घेते. एप्रिल-मेमध्ये नवीन पेशंटचं पील सुरूच करत नाही. तुम्ही आत्ता विचारलंत, हे वेळेत विचारलंत.

सनस्क्रीनचं गणित: तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही बोटांच्या पूर्ण लांबीएवढी रेघ, ही चेहरा आणि मानेची मात्रा. एसपीएफ 30 किंवा त्याहून जास्त. निघण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, आणि दुपारी पुन्हा. डागांसाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन जास्त उपयोगी, कारण नुसत्या दिसणाऱ्या उजेडानंही आपल्या कातडीत रंग वाढतो. वर स्कार्फ बांधाच, तो आपल्याकडच्या मुलींचा फार चांगला रिवाज आहे. पण स्कार्फ रोज धुतलेला असू द्या, आणि सिंथेटिकऐवजी सुती. हनुवटीवर पिंपल्स येतात म्हणालात. पाळीच्या आधी वाढतात म्हणजे हार्मोन्सचा हात आहेच. पण हेल्मेटचा पट्टा नेमका कुठे घासतो तेही बघा. घामट पट्टा आणि तीन दिवसांचा स्कार्फ यांनी हनुवटीवर पिंपल्स कायम राहिलेल्या कितीतरी मुली मी बघते. पट्टा आठवड्यातून दोनदा साबणानं धुवा. पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोन्सच्या बिघाडाची, तपासणी आधी.

नवे पिंपल्स येत असताना जुन्या डागांवर पैसे घालणं म्हणजे छत गळत असताना भिंत रंगवणं. त्यामुळे माझ्याकडे पहिला महिना पीलचा नसतोच. रात्री ॲडापलीन किंवा तत्सम रेटिनॉइड (अ जीवनसत्त्वाच्या जातीचं क्रीम) वाटाण्याएवढं, सकाळी ॲझेलेइक ॲसिड, सौम्य फेसवॉश, सनस्क्रीन. याला आम्ही कातडीची तयारी म्हणतो. यानं पील एकसारखं बसतं आणि नंतर काळं पडण्याची शक्यता घटते. शिवाय मला कळतं, की ही मुलगी रोज सनस्क्रीन लावते की नाही. जी दोन-तीन आठवडे लावू शकली नाही, तिचं पील मी पुढे ढकलते. ती रागावते, रागावू दे. पीलच्या पाच-सात दिवस आधी रेटिनॉइड बंद करायचं. वॅक्सिंग, थ्रेडिंग, ब्लीच आठवडाभर आधी आणि आठवडाभर नंतर नाही.

आता काही गोष्टी, ज्यांवर सगळंच बदलू शकतं. तीव्र पिंपल्ससाठी देतात त्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्या बंद केल्या असतील, तर डॉक्टरांना सांगाच. पूर्वी त्यानंतर सहा महिने काहीच करू नका असं सरसकट सांगत. 2017 मध्ये अमेरिकेतल्या त्वचाशल्य तज्ज्ञांच्या संघटनेनं पुरावे तपासून सांगितलं, की सौम्य पीलसाठी एवढं थांबण्याची गरज दिसत नाही. खोल प्रक्रियांना मात्र थांबावं. मी तरीही अशा वेळी सगळ्यांत हलकं पील निवडते. आणि लग्न ठरलंय म्हणून एक गोष्ट स्पष्टच सांगते: या गोळ्या चालू असताना आणि बंद केल्यावर किमान एक महिना गर्भधारणा होता कामा नये, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. मे महिन्यात लग्न असेल तर हे गणित डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

ओठांवर वारंवार तापाचे फोड उठत असतील, तर पीलच्या आधी विषाणूविरोधी गोळी सुरू करावी लागते, नाहीतर ते फोड चेहराभर पसरू शकतात. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर सॅलिसिलिक नको. कोड वाढत्या अवस्थेत असेल तर पील नको. छाती-खांद्यावर पिंपल्सच्या जागी उंच, खाजणाऱ्या गाठी आल्या असतील, तर ते केलॉइड. त्यांना पीलनं काहीही होत नाही. त्यांचं औषध सिलिकॉन जेल आणि गाठीतलं स्टिरॉइडचं इंजेक्शन. तशी प्रवृत्ती असलेल्यांनी खोल प्रक्रियाही विचार करूनच कराव्यात.

आणि गोरेपणाची क्रीम. याबद्दल मी प्रत्येकीला दोनदा विचारते, कारण पहिल्यांदा उत्तर 'नाही' येतं. मेडिकलमधून मैत्रिणीच्या सांगण्यावरून आणलेली, स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब. लावली की चार दिवसांत चेहरा उजळतो, बंद केली की लालबुंद होतो. महिनोन्महिने लावलेल्या चेहऱ्याची कातडी पातळ झालेली असते आणि तिच्यावर हलकं पीलही भाजतं. सरकारनं 2018 मध्ये अशा अनेक स्टिरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, पण घराघरांत त्या अजून आहेत. तुमच्या कपाटात असेल तर ट्यूब घेऊन डॉक्टरांकडे जा, लपवू नका. ती एकदम बंद करायची की हळूहळू, तेही डॉक्टरच सांगतील.

आईच्या संत्र्याच्या सालीबद्दल. आई चुकीचं सांगत नाही, पण ती डागाचा नाही, तजेल्याचा उपाय सांगतेय. आमच्याही घरी थंडीत गच्चीवर साली वाळत पडलेल्या असायच्या. दिवाळीच्या उटण्यात त्याच पडायच्या. बारीक वस्त्रगाळ पूड सायीत कालवून हलक्या हातानं लावली तर मृत पेशी निघतात, कातडी मऊ वाटते. घासणं मात्र नाही. जाडसर पूड घेऊन पिंपल्सवर रगडली की बारीक ओरखडे पडतात आणि आपल्या कातडीत प्रत्येक ओरखडा म्हणजे उद्याचा काळा डाग. आणि लिंबू अजिबात नाही. लिंबाच्या रसानंतर ऊन लागलं की कातडी भाजल्यासारखी होते आणि थेंब ओघळले त्या रेषांत डाग उठतात. पील सुरू असताना संत्र्याची साल, स्क्रब, बेसन, सगळं बंद ठेवा. एकाच कातडीला दोन बाजूंनी सोलायचं नाही.

पार्लरबद्दल मी सरसकट वाईट बोलणार नाही. स्वच्छता, फेशियल, केस यांत त्यांचा हात आमच्यापेक्षा चांगला असतो. पण आम्लाची टक्केवारी, त्याचा सामू, कातडीची प्रतवारी, आणि काही बिघडलं तर त्या रात्री काय द्यायचं, हे डॉक्टरी काम आहे. विचारून बघा: कुठलं आम्ल, किती टक्के, किती मिनिटं, आणि काळं पडलं तर पुढे काय? चारही उत्तरं मिळाली नाहीत तर उठून या. डॉक्टर निवडतानाही त्वचारोगाची पदवी आणि नोंदणी बघा. नुसती 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' अशी पाटी पुरेशी नाही. खर्चाची चिंता असेल तर मेडिकल आणि मेयो या नागपुरातल्या दोन सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहे, आणि तुम्ही मिहानमध्येच आहात तर एम्स तुमच्या शेजारी आहे. तिथून निदान आणि रोजची औषधं घेतली तरी निम्मी लढाई होते.

तुमच्या जागी माझी भाची असती तर मी असं बसवलं असतं. नोव्हेंबर: तपासणी, पिंपल्सचं औषध, तयारी, खिडकीजवळ एकाच वेळी एकाच कोनातून फोटो. डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पहिलं हलकं पील, आधी कानामागे चाचणी करून. मग तीन आठवड्यांच्या अंतरानं फेब्रुवारीअखेरपर्यंत एकूण चार. खोल खड्डे पाच-सहाच असतील तर त्यांवर काडीचं आम्ल जानेवारीत आणि फेब्रुवारीच्या अखेरीस, पीलपासून वेगळ्या दिवशी. मार्चमध्ये फोटो पुन्हा. मार्च-एप्रिल फक्त क्रीम आणि सनस्क्रीन. उरलेले खड्डे, सबसिजन वगैरे, लग्नानंतर पुढच्या थंडीत. तेव्हा बाळाचा विचार असेल तर डॉक्टरांना आधी सांगून.

सहापैकी उरलेली दोन पील 'ग्लोसाठी' लग्नाच्या आठवड्यात घ्या असं कुणी सांगितलं तर घेऊ नका. लग्नाच्या महिनाभर आधीपासून चेहऱ्याला नवीन काहीही लावायचं नाही, पील तर नाहीच. मेकअपवाल्या ताईंना मेकअपची चाचणी एप्रिलमध्येच घ्यायला सांगा. आणि हळदीच्या दिवशी काकवा-माम्या हौसेनं गालाला हळद चोळतील, तेव्हा त्यांना म्हणा, गालाला नुसतं बोट लावा, चोळायची ती हातापायांना. हळद दुपारच्या उन्हाआधी धुऊन टाका.